दर सहावं कार्ड

१

सोमवारी सकाळी ज्योत्स्नानं पेटीचा दुसरा खण ओढला आणि तो सटकन हातात आला. हा खण असा येतच नसे. कार्डं इतकी ठासून भरलेली, की तो ओढायला एक हात पेटीवर दाबून धरावा लागायचा.

"सर, कुणी हात लावला होता का ह्याला?"

तातेराव सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कशाला लावेल कुणी?"

पलीकडच्या टेबलावर कल्याणराव 'बोलठेवा'च्या पाकिटांवर पत्ते चिकटवत बसले होते. त्यांनी खळीचा ब्रश तसाच डब्यात ठेवला. एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस म्हणून काढलेला हा माणूस. कुणाचा आवाज जरा कापला, की ह्यांचे कान उभे राहिलेच म्हणून समजा. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून रोज दहाला भोकरदन नाक्याजवळच्या ह्या माडीवर यायचे. पेपर फुकट, चहा फुकट, वर तातेराव सरांशी भांडायला मिळायचं. त्या बदल्यात पाकिटं चिकटवायची.

'बोलठेवा' म्हणजे बोलींच्या अभ्यासाचं त्रैमासिक. वर्गणीदार चारशे बारा, त्यातले वाचणारे किती ते सरांनाही विचारू नये. पण येता अंक खास होता. अख्खा अंक ज्योत्स्नाचा, जाफराबादकडच्या बायकांच्या बोलीचा कोश. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणारी ही मुलगी तीन वर्षं दर रविवारी एसटीनं, नाहीतर वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन गावोगाव फिरली होती. कापूस वेचता वेचता, भाकरी थापता थापता बायका बोलायच्या. ही एकेक शब्द एकेका कार्डावर उतरवायची. बाराशे शब्द, बाराशे कार्डं.

चारही खण रिकामे करून तिघांनी कार्डं मोजली. हजार भरली.

"दोनशे," ज्योत्स्ना म्हणाली आणि खुर्चीत बसली. "सर, दोनशे कार्डं गेली."

"टाईप केलेली असतील ना?" कल्याणरावांनी विचारलं.

तातेराव सर खाली बघायला लागले. आधी कार्ड, मग कॉम्प्युटर, हा त्यांचाच हट्ट होता. 'मोबाईल हरवतो, कार्ड हरवत नाही,' असं ते येईल त्याला ऐकवायचे. टायपिंग ह्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं.

आणि बुधवारी अकराला काकासाहेब येणार होते.

२

हे काकासाहेब म्हणजे संपादक मंडळावरचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात खडूस सभासद. एकट्या बाईनं नोकरी सांभाळून तीन वर्षांत बाराशे शब्द गोळा केले, ह्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "घरी बसून शब्द पाडलेत," असं ते शनिवारी इथंच, सगळ्यांदेखत म्हणाले होते. मग ठरलं, की बुधवारी त्यांनी एकेक कार्ड तपासावं. म्हणून तर ज्योत्स्नानं पेटी घरून इथं आणून ठेवली होती.

सरांनी घाबरत घाबरत फोन लावला. काकासाहेबांचा आवाज फोनबाहेर ऐकू आला.

"शंका होती तेवढीच कार्डं गायब? सोय छान झाली की! बुधवारी बाराशे कार्डं दिसली पाहिजेत. नाहीतर अंक रद्द. आणि का रद्द केला, ते मी पुढच्या अंकात लिहीन."

ज्योत्स्नाला रडूच कोसळलं. अंक गेला असता तर तिनं सोसलं असतं. पण खोटारडी म्हणून छापून आलं, की कोणत्या गावात कोणत्या तोंडानं जायचं? ज्या बायकांनी विश्वासानं दोन शब्द दिले, त्यांना काय सांगायचं? त्यातल्या चौघी तर आता राहिल्याही नव्हत्या.

"रडू नको पोरी," कल्याणराव म्हणाले. "अजून दोन दिवस हायेत. मी बिगरतिकीटवाला कधी सोडला न्हाई."

त्यांची तपासणीची रीत साधी होती. गाडीत चढलं, की तिकिटं नंतर मागायची, आधी खिडकीबाहेर कोण बघतंय ते बघायचं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कडी-कुलूप शाबूत. कार्डं सरळ, एकही कोपरा दुमडलेला नाही. आणि पेटीखाली एक धुतलेलं सुती फडकं नीट अंथरलेलं. पेटीवर सरांचा चहाचा ग्लास असायचा, तो खिडकीत नेऊन ठेवलेला.

"हे फडकं कुणी अंथरलं?"

कुणालाच माहीत नव्हतं. चोरी करून वर झाडपूस करून गेलेला चोर कल्याणरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

३

खाली सूरजचा छापखाना. वडील गेल्यापासून तोच बघायचा. माडीची किल्ली त्याच्याच दारामागच्या खिळ्याला असायची.

"रविवारी कोण आल्तं वर?"

"कोणी न्हाई काका. मी मशीनवर होतो. बॅनरचं काम चालू होतं, मान वर करायला टाईम न्हाई."

"किल्ली?"

"खिळ्यालाच होती. आता केशरबाई झाडायला आल्ती सकाळी, ती सोडून द्या."

"का बरं सोडून देऊ?"

"काय काका! तिला वाचता येतं का? ती कशाला शब्द चोरंल?" सूरज हसला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही काकासाहेबांकडं बघा ना. शनिवारी त्यांच्याच पिशवीचा पट्टा अडकून खण पडल्ता. मुद्दाम पाडला का काय, कुणाला ठाऊक."

ते खरं होतं. शनिवारी भांडण ऐन रंगात आलं असताना एक खण धाडकन पडला आणि कार्डांचा सडा झाला. कल्याणराव तेव्हा इथंच होते. काकासाहेब ढिम्म उभे राहिले. खाली बसून कार्डं गोळा केली ती केशरबाईनं. हळूहळू, एकेक उचलून. चहा ओतायचा राहिला म्हणून सर तिच्यावर करवादले होते, तरी ती उठली नव्हती.

कल्याणरावांनी काकासाहेबांनाही गाठलं, थेट त्यांच्या घरी जाऊन. म्हातारा दारातच आडवा आला.

"मी चोरी करीन असं वाटतं तुम्हाला?"

"वाटत न्हाई. पण विचारावं लागतं. रविवारी कुठं होते?"

"संभाजीनगरला, नातवाच्या वाढदिवसाला. फोटो दाखवू?" जरा थांबून ते आत वळले आणि पाठमोरेच बोलले. "मी पस्तिशीत असताना माझ्या शब्दसंग्रहावर असाच आळ आला होता. माझ्याकडे दाखवायला कार्डं नव्हती. तेव्हापासून मी कुणाचंही कार्डाशिवाय मानत नाही. माझं कुणी मानलं नाही, तर मी का मानू?"

कल्याणरावांचा राग तिथल्या तिथं निम्मा झाला. हा माणूस दुखावलेला होता, चोर नव्हता.

४

"ताई, गेलेली कार्डं कोणती, हे कळंल का?"

ज्योत्स्नानं डोळे पुसले. "कळेल. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक आहे. ज्या क्रमानं लिहिली, तो. पेटीत मात्र ती अकारविल्हे लावलीत, त्यामुळे आकडे सगळे इकडेतिकडे झालेत."

"मंग लावा आकड्यानं."

दुपारी दोनला बसले. सतरंजीवर हजार कार्डं पसरली. तातेराव सर सवयीप्रमाणे अंगठ्याला थुंकी लावून कार्डं सरकवत होते. कल्याणराव आकडा पुकारायचे, सापडला नाही की ज्योत्स्ना वहीत टिपायची. साडेचारला तिनं वही पुढं केली.

चार. दहा. सोळा. बावीस. अठ्ठावीस. चौतीस.

कल्याणरावांनी पान उलटलं. पुढंही तेच. शेवटचा आकडा अकराशे अठ्ठ्याण्णव. दर सहावं कार्ड गेलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक नाही.

"असं कसं होईल?" सर म्हणाले. "कार्डं तर अकारविल्हे होती. आकड्यानं शोधायची म्हटलं तर दिवस जाईल."

"आणि मी खोटे शब्द लिहिले असते," ज्योत्स्ना सावकाश म्हणाली, "तर काय पाच खरे नि सहावा खोटा, असे मोजून लिहिले असते?"

"तेच म्हणून राह्यलो मी. तुझ्यावरचा आळ तर हिथंच गेला." कल्याणराव उठून येरझारा घालायला लागले. "चोरानं आकडा बघितला न्हाई. शब्दही बघितला न्हाई, कारण शब्दांत काही मेळ न्हाई. तरी त्यानं बराबर दोनशे कार्डं उचलली. म्हणजे कार्डावर असं काहीतरी होतं, जे त्याला दिसलं आणि आपण तिघं बिलकुल बघत न्हाई."

ते थबकले. एकतीस वर्षं तिकीट हातात आलं, की पहिलं काय करायचे? उलटून बघायचे. मागच्या बाजूला लोक काय वाटेल ते लिहून ठेवतात. फोन नंबर, गोळ्यांची नावं, नव्या सुनेच्या गावचा पत्ता.

त्यांनी वाकून एक नंबरचं कार्ड उचललं आणि पालथं केलं.

५

मागं छापील मजकूर होता. निळी वेलबुट्टी आणि बुद्धांची छोटी प्रतिमा.

"सर, ही कार्डं कुठून आणली?"

"अहो, सूरजच्या वडलांनी दिली होती. कुणीतरी छापून घेतलेल्या आणि न्यायला आलेच नाहीत, अशा लग्नपत्रिका. दोनशे होत्या. चांगला जाड कागद, मागून कोरा. वाया कशाला घालवा? रोज बातम्या ऐकता ऐकता एकेक पत्रिका घ्यायचो, सहा तुकडे करायचो, गठ्ठ्यावर ठेवायचो."

"सहा तुकडे," कल्याणराव म्हणाले.

कल्याणरावांनी एक, दोन, तीन, पाच, सहा ही कार्डं पालथी करून जुळवली. वर प्रतिमा आणि 'मंगल परिणय'. मध्ये डाव्या हाताला वराचं नाव, नागसेन, मुक्काम अंकुशनगर. खाली सात वर्षांपूर्वीची बुद्धपौर्णिमेची तारीख. शेवटच्या तुकड्यावर निमंत्रक, कडूबा, चंदनझिरा.

आणि मध्ये उजव्या हाताला, जिथं वधूचं नाव असायला हवं, तिथं सतरंजी दिसत होती.

"कडूबा," कल्याणराव स्वतःशीच पुटपुटले. "रोज संध्याकाळी एमआयडीसीतून सुटला, की मोटरसायकलवर केशरबाईला न्यायला येतो, त्याचं नाव काय?"

ज्योत्स्नानं तोंडावर हात ठेवला. "मावशींची मुलगी गेली, एवढंच माहीत होतं मला. त्या नेहमी 'आमची बबी' म्हणायच्या. काका, मी बाराशे वेळा हे कार्ड हातात धरलं. आमच्याच लोकांपैकी कुणाची तरी पत्रिका आहे, हे दिसत होतं. वाया गेलेली असेल म्हणून मी एकदाही विचारलं नाही, की का वाया गेली."

मंगळवारी केशरबाई कामाला आली नाही.

६

चंदनझिऱ्यात पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळतुळीत सारवलेला ओटा. केशरबाईनं कल्याणरावांना आणि ज्योत्स्नाला पाहिलं आणि ती तशीच आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. नव्या कोऱ्या टॉवेलात बांधलेलं गाठोडं तिनं ज्योत्स्नासमोर ठेवलं.

"मोजून घ्या मॅडम. एक बी कमी न्हाई."

"मावशी..."

"पोलिसात देणार असाल तर मालकाला सांगू नका. त्याला ठाऊकच न्हाई." मग तिचा बांध फुटला. "म्या चोरी कराया न्हाई ओ गेल्ते. मला लिहिता-वाचता येत न्हाई. दोनच नावं वळखते, माझं अन् तिचं. तिनंच शिकवल्ती, चुलीपुढं राखंत बोटानं काढून. शनवारी त्ये खाली पडलं, उचलाया बसले, तर रूपाली. दुसरं उचललं, रूपाली. जिकडं हात घालावा तिकडं माझी पोरगी."

ओट्यावर कोंबडी आली. तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

"बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला होती बबी. पत्रिका तिनंच पसंत केली, तिनंच छापाया टाकली. कुठं टाकली ते बी आम्हाला ठाऊक नव्हतं. मला म्हणली, आई, छापून आली की पहिली तुझ्या हातात दीन. मंग ताप आला. आठ दिसांत गेली. पत्रिका आणाया कोण जाईल?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् ती तुमच्या हापिसात निघाली. पाच वर्सं झाडून राह्यले मी तिथं. सर थुका लावून चाळत्यात. वर चहाचा गलास ठिवत्यात. मला न्हाई बघवलं."

"अहो, मागायचं तरी," कल्याणराव म्हणाले.

"काय म्हणून मागू? रद्दी म्हणले असते तर?" केशरबाई ज्योत्स्नाकडं वळली. "मॅडम, आईची आण, मागच्या बाजूला तुमचं काम हाये हे मला कळलंच न्हाई. मला वाटलं, नाव हाये तीच पुढची बाजू. काल तुम्ही रडलात, ते जिन्यातून ऐकलं, तवा समजलं. रातभर डोळा न्हाई लागला. आज आणूनच देणार होते, पण पाय उचलंना."

ज्योत्स्नानं गाठोडं तिच्याकडंच परत सरकवलं.

"हे तुमचं आहे मावशी. मी न्यायला नाही आले, माफी मागायला आले. तुम्ही एकेक दाखवा, मी नवीन कार्डावर उतरवून घेते. चालेल?"

दुपारभर दोघी ओट्यावर बसल्या. केशरबाई एकेक कार्ड धरायची, ज्योत्स्ना शब्द मोठ्यानं वाचून लिहायची. 'पळाटी', म्हणजे कापसाची वाळकी झाडं, हा शब्द आला, तशी केशरबाई पहिल्यांदा जरा हसली. "आमच्या माहेरचा शबुद! जाफराबादचीच हाये मी. तुम्हाला कोणी सांगितला?" मग तिचं तोंड जे सुटलं, ते थांबेना. कल्याणराव बाजूला बसून नवीन कार्डांवर आकडे टाकत होते आणि मधूनमधून उगाच चष्मा पुसत होते.

७

बुधवारी अकराच्या ठोक्याला काकासाहेब आले. आल्या आल्या म्हणाले, "नव्यानं लिहिलेली दोनशे कार्डं? ती मी का मानावी? मूळची दाखवा."

ज्योत्स्ना काही बोलणार, तोच दारातून आवाज आला. "मूळची माझ्यापाशी हायेत."

केशरबाई इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून आली होती. मागं कडूबा, कामावर खाडा करून. तिनं टेबल आपल्या हातानं पुसलं, टॉवेल अंथरला, त्यावर कार्डं ठेवली आणि काकासाहेबांना म्हणाली, "बघा खुशाल. पण बोटाला थुका न्हाई लावायचा."

काकासाहेबांनी सरांकडं पाहिलं. सरांनी मान खाली घातली आणि शनिवारपासूनची सगळी हकिगत सांगितली, आपला अंगठा आणि चहाचा ग्लास यांच्यासकट. म्हाताऱ्यानं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग त्यांनी मोरीवर जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले आणि कार्डं बघायला बसले. गाव, तारीख, बोलणाऱ्या बाईचं वय, सगळं ताडून पाहिलं. शंभरेक कार्डं झाल्यावर ते थांबले.

"बाकीची बघायची गरज नाही. काम खरं आहे." मग ज्योत्स्नाकडं न बघताच म्हणाले, "मी शनिवारी बोललो ते चुकलं माझं. पुढच्या अंकात मी तेच लिहीन."

ज्योत्स्नानं डोळे मिटून घेतले. तातेराव सर सहा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

तेवढ्यात जिन्यावर धपाधप पावलं वाजली. सूरज धापा टाकत आला, हातात खाकी पाकीट.

"सापडली! वडलांच्या जुन्या कॉम्प्युटरमधी होती फाईल. काल रात्री काकांनी सांगितलं, तवापासून शोधून राह्यलो. कागद बी तसाच मिळाला."

त्यानं पाकीट केशरबाईच्या हातात दिलं. आत निळ्या वेलबुट्टीच्या पत्रिका होत्या. अख्ख्या, कुठंही न कापलेल्या. केशरबाईचं बोट वेलबुट्टीवरून फिरत फिरत उजवीकडं आलं आणि एका जागी थांबलं. कडूबा तिच्या खांद्यावरून बघत होता. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ती पत्रिका पाहिली आणि तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"वाचा ना मॅडम," केशरबाई म्हणाली. "समदी वाचा."

ज्योत्स्नानं वाचली. प्रतिमेखालच्या ओळीपासून 'अगत्य येण्याचे करावे' इथपर्यंत. दोनदा तिला ओळ पुन्हा धरावी लागली. पण एक अक्षर तिनं गाळलं नाही.

केशरबाईनं डोळे पुसले, पदर सारखा केला. पत्रिका मोजल्या. पहिली स्वतःच्या कमरेला खोचली. मग उठली आणि रीतीप्रमाणं एकेकाच्या पुढं जाऊन दोन्ही हातांनी पत्रिका द्यायला लागली. तातेराव सरांना दिली. सूरजला दिली, ज्योत्स्नाला दिली. काकासाहेब तर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी ती वाकून घेतली.

"वाटायच्या राह्यल्या होत्या," ती म्हणाली. "घरच्या माणसांना तरी द्याव्या."

शेवटची कल्याणरावांना मिळाली. त्यांनी ती वाचली, आणि एकतीस वर्षांची खोड, उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून खिशात टाकलं, कुणाच्या हाताला लागायला नको म्हणून.